स्थलांतराच्या रकान्यातील एक शब्द : शहापूर तालुक्यातील एका अतितीव्र कुपोषित बालिकेचे प्रकरण

हे प्रकरण ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील एका कातकरी पाड्यावर सुरू झाले आणि त्याचा मधला, सर्वात कठीण भाग भिवंडी तालुक्यातील एका वीटभट्टीवर घडला. ओळख पटू नये म्हणून पाडा, भट्टी, रुग्णालय आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. तीन भावंडांत सर्वात लहान असलेल्या या मुलीचा उल्लेख सर्वत्र 'धाकटी' असा केला आहे. त्या बीटची, म्हणजे तिथल्या अंगणवाड्यांच्या गटाची, पर्यवेक्षिका म्हणून यातील बहुतेक निर्णयांत माझा सहभाग होता आणि जे निर्णय चुकले त्यांतही तो होता.

पार्श्वभूमी

पाड्यावर साधारण चाळीस घरे आहेत. पावसाळ्यात शेतमजुरी, थोडी वरकस जमीन, ओढ्यातली चिंबोरी आणि मासे, रानभाज्या यांवर घर चालते. दिवाळी झाली की बहुतेक कुटुंबे भिवंडी, कल्याण आणि पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास परततात. भट्टीमालकाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच, म्हणजे घरात धान्य संपलेले असते त्या दिवसांत, घेतलेली असते. त्यामुळे जायचे की नाही हा प्रश्न दिवाळीत उरतच नाही, तो श्रावणातच निकालात निघालेला असतो. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे आणि या जमातीच्या अनेक कुटुंबांचे अर्धे वर्ष असे गावाबाहेर जाते. अंगणवाडीचे हजेरीपत्रक मात्र बारा महिन्यांसाठी आखलेले असते.

धाकटीचा जन्म ऑगस्टमधला. जन्मवजन 2.3 किलो, म्हणजे 2.5 किलोच्या मर्यादेपेक्षा कमी. तिच्या आईचे हिमोग्लोबिन गरोदरपणाच्या शेवटच्या तपासणीत 8.4, म्हणजे बरेच कमी, होते. तीन महिन्यांची असताना ती आईवडिलांबरोबर भट्टीवर गेली आणि मे महिन्यात नऊ महिन्यांची होऊन परतली. मधल्या काळात तिच्या वाढीच्या तक्त्यावर एकही टिंब नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचा आहार कधी सुरू झाला, कशाने झाला, लसी कोणत्या राहिल्या, हे सारे आईच्या आठवणीवरच समजून घ्यावे लागले. बाळाच्या आयुष्यातला जो काळ सर्वात बारकाईने पाहायला हवा, तोच आमच्या नोंदीत कोरा होता.

अडचण कशी लक्षात आली

मे महिन्यात वजन 6.0 किलो भरले. जूनमध्ये 6.1. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तिन्ही महिन्यांच्या रकान्यांतही 6.1 हाच आकडा होता. पहिल्या नजरेला यात घसरण दिसत नाही आणि नेमके तेच फसवे आहे. वाढीच्या तक्त्यावरच्या रेषा वर चढत असतात, त्यामुळे ज्या मुलाचे वजन स्थिर राहते ते मूल दर महिन्याला एक पायरी खाली उतरत असते. मे महिन्यात धाकटी पिवळ्या, म्हणजे मधल्या पट्ट्यात होती. ऑगस्टमध्ये, वर्षाची होताना, वजन तितकेच असूनही ती सर्वात खालच्या पट्ट्यात गेली होती.

सेविकाताईंना मी याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात सगळीच पोरं उतरतात, भात आला की सुधारतात." हे निरीक्षण खोटे नाही. हगवण, ताप, घरात धान्याची चणचण आणि आई दिवसभर लावणीवर, अशा सगळ्या गोष्टी त्याच महिन्यांत एकत्र येतात. पण वारंवार दिसते म्हणून ते चालण्याजोगे ठरत नाही. सलग दोन महिने वजन न वाढणे हीच घरभेटीची वेळ होती आणि ती आम्ही चुकवली. तीन महिने अगदी एकच आकडा येण्यामागे आणखी एक शक्यता होती, ती म्हणजे एखादे वजन प्रत्यक्ष न घेता मागच्या महिन्यावरून उतरवले गेले असावे. अंगणवाडीतील उंची मोजण्याचा लाकडी फलक जूनपासून मोडलेला होता. त्यामुळे उंचीनुसार वजन काढलेच जात नव्हते आणि दंडघेर पट्टी कपाटात तशीच पडून होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या अंगणवाडीतून फलक आणून पाड्यावरील सर्व मुलांची मापे पुन्हा घेतली. दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून घ्यायची असते. एकीने डोके फलकाला टेकवून धरायचे आणि दुसरीने गुडघे हलकेच दाबून सरकती पट्टी तळव्यांना लावायची. धाकटी या वेळी रडली नाही, हातपाय झाडले नाहीत, छताकडे बघत पडून राहिली. चौदा महिन्यांचे मूल अनोळखी हातांत इतके शांत राहते तेव्हा धास्ती वाटते. लांबी 68.5 सेंटिमीटर, वजन 5.8 किलो, दंडघेर 11.2 सेंटिमीटर. दंडघेर 11.5 पेक्षा कमी आणि उंचीनुसार वजन तक्त्यावरच्या उणे तीनच्या (अतितीव्र कुपोषणाच्या) रेषेखाली, म्हणजे दोन्ही कसोट्यांवर ती अतितीव्र कुपोषित, सॅम, श्रेणीत होती. दोन्ही पायांवर अंगठ्याने दाबून पाहिले, खळगा राहिला नाही, म्हणजे सूज नव्हती. तिचा साडेतीन वर्षांचा भाऊ मध्यम तीव्र कुपोषित निघाला. या नोंदीकडे आम्ही पुरेसे लक्ष दिले नाही आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पेजेचा हिशेब

आईने सांगितले की मूल खाते, दिवसातून तीन वाट्या पेज पिते. ती खरेच सांगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सेविकाताई त्यांच्या चुलीशी जाऊन बसलो आणि पेज होताना पाहिली. साधारण चाळीस ग्रॅम तांदूळ, अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी, चिमूटभर मीठ. ही पेज चमच्यात घेऊन तिरपी केली की पाण्यासारखी ओघळून जाते. अशा दीडशे मिलिलिटरच्या वाटीतून सुमारे 45 उष्मांक मिळतात, तीन वाट्यांतून 135. वर्षापुढच्या अंगावर पिणाऱ्या मुलाला आईच्या दुधाखेरीज वरच्या आहारातून दिवसाला साधारण 550 उष्मांक हवे असतात. सहा किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी 180 मिलिलिटरच्या आसपासच मावते, म्हणून पातळ पेजेने ही गरज भागवायची तर बारा वाट्या पाजाव्या लागतील. मूल पोट भरून जेवत होते आणि तरीही उपाशी राहत होते.

हा हिशेब आईला आकड्यांत सांगून उपयोग नव्हता. ताईंनी तिच्याच भांड्यातला मोठ्यांचा भात घेतला, चमच्याने घोटून मऊ केला, त्यात चमचाभर गोडेतेल आणि तव्यावर भाजून हाताने चुरलेली सुकट घातली. चमचा तिरपा केला तरी घास चमच्यावरच राहिला. "पेज ओघळते, हा घास टिकतो. टिकणारा द्यायचा," इतकेच ताई म्हणाल्या. सुकट घरात होतीच, पण ती लहान मुलाला चालत नाही असे सासूने सांगितले होते. सासूबाईंना बाजूला बसवून त्यांच्याच हातून पहिला घास भरवला, तेव्हा तो अडसर तिथेच मिटला. वरचा आहार किती द्यायचा हे आम्ही वर्षानुवर्षे वाट्या मोजून सांगत आलो. वाटीत काय आहे हे चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही.

पहिला निर्णय : रुग्णालय की पाडा

सॅम श्रेणीतील मुलासाठी त्या वेळी दोन वाटा होत्या. ताप, न्यूमोनिया, जुलाबाने शोष, सूज यांपैकी काही असेल किंवा मुलाला भूकच नसेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात सुमारे चौदा दिवस दाखल करायचे. यांपैकी काही नसेल आणि मूल खात असेल, तर गावातच ग्राम बालविकास केंद्रात विशेष आहार, औषधे आणि आठवड्याचे वजन यांवर ठेवायचे.

परिचारिकेने तपासले. ताप नव्हता, श्वासाची गती ठीक होती. भुकेची चाचणी अंगणवाडीच्या ओट्यावरच घेतली. आईच्या मांडीवर बसवून, कोणतीही जबरदस्ती न करता, पाकिटातला पौष्टिक आहार पुढे केला. पहिली काही मिनिटे धाकटीने तोंड फिरवले, मग आईच्या बोटावरचे चाटले आणि नंतर ठरलेले प्रमाण संपवले.

आईला रुग्णालयाचा पर्यायही सांगितला होता. तिने विचारले, "चौदा दिस तिथं राहिले तर भात कोण कापील? आन् ही दोघं कोणाजवळ?" बुडीत मजुरी मिळते हे सांगितले, पण ती उभ्या पिकाची कापणी करून देत नाही. गुंतागुंत नव्हती आणि भूक होती, त्यामुळे पाड्यावरच उपचार करण्याचा निर्णय घेतला. वैद्यकीयदृष्ट्या हा निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते. मात्र तो घेताना कुटुंब भट्टीवर किती तारखेला निघणार आहे, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नाही.

जंतनाशकाची अर्धी गोळी, प्रतिजैविक, राहिलेली लस आणि दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खाणे सुरू झाले. वस्तीवर कामाला जाण्यापूर्वी आई मुलीला अंगणवाडीत सोडत असे, मदतनीसबाई दोन वेळा भरवत आणि अंडे देत, रात्रीचे खाणे सासूबाई पाहत. तीन आठवड्यांत वजन 6.2 किलो झाले. दुसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा फलकावर रडली. मदतनीसबाईंनी ते मला फोन करून कळवले, कारण त्या रडण्याचा अर्थ त्यांना कळला होता.

दुसरा निर्णय : दिवाळीनंतर

भाऊबीज झाली त्याच रात्री भट्टीचा टेम्पो येणार असल्याचे दोन दिवस आधी कळले. घाईघाईत बसून चार पर्याय पाहिले.

मुलीला आजीजवळ ठेवावे, हा पहिला विचार. पण ती अंगावर पीत होती आणि दूध तोडणे हाच मोठा धोका होता. आईने तिच्यासह महिनाभर मागे राहावे, तर भट्टीवर काम जोडीने मोजले जाते. नवरा एकटा गेला तर उचल फिटत नाही आणि मुकादम ते मान्य करणार नव्हता. तिसरा पर्याय म्हणजे भट्टीजवळच्या अंगणवाडीत तिचे नाव घालून उपचार पुढे चालू ठेवणे. अंगणवाडीच्या सेवेसाठी तिथला रहिवासी असण्याची अट नाही, स्थलांतरित मुलाला तो हक्क आहेच. त्यासाठी ती कोणत्या भट्टीवर जाणार हे माहीत असायला हवे होते. चौथा पर्याय सर्वात सोपा होता, महिनाभर पुरतील इतकी आहाराची पाकिटे आणि एक चिठ्ठी आईच्या हाती देणे.

आम्ही चौथा पर्याय निवडला आणि तिसरा 'नंतर फोनवर करू' म्हणून सोडून दिला. नोंदवहीतील स्थलांतराच्या रकान्यात एकच शब्द लिहिला गेला : भिवंडी. भिवंडी हा अख्खा तालुका आहे. तिथे शेकडो मजूर कुटुंबे रस्त्यापासून आत, खाडीलगत आणि शेतांत पसरलेल्या भट्ट्यांवर राहतात. तो शब्द लिहिताना आपण पत्ता लिहीत आहोत असे आम्हाला वाटले होते.

भट्टीवर काय घडले

पहिल्या आठवड्यात वडिलांचा फोन लागला, मुलगी खाते आहे असे कळले. त्यानंतर फोन बंद. भिवंडीकडच्या अंगणवाडी प्रकल्पाच्या पर्यवेक्षिकेला मी पाड्याचे नाव आणि वडिलांचे नाव कळवले, पण एवढ्यावरून शोध लागणे शक्य नव्हते. जवळपास पाच आठवडे गेले. शेवटी पाड्यावर तांदूळ न्यायला आलेल्या एका चुलत्याकडून मुकादमाचे नाव आणि कुठल्या नाक्यावर उतरायचे एवढी खूण मिळाली. तेथील सेविका त्या दिवशी पायी तीन भट्ट्या फिरल्या आणि तिसऱ्या भट्टीवर त्यांना धाकटी सापडली.

त्यांनी सांगितलेले चित्र मी इथे शक्य तितके जसेच्या तसे देते. आईवडील पहाटे तीनच्या सुमारास चिखलावर जातात आणि उन्हे चढेपर्यंत विटा पाडतात. कच्च्या विटा रचून, वर प्लास्टिक टाकून केलेल्या खोपीत तीनही मुले असतात. सात वर्षांची थोरली धाकटीला सांभाळते आणि आई कामावर असताना तिला गार भाताचे पाणी पाजते. आठवड्याच्या खर्चीतून तांदूळ, मीठ, मिरची आणि तेलाची छोटी पुडी येते. पाकिटे बारा दिवसांत संपली होती, कारण ती तिघांनी खाल्ली होती. तीन भुकेल्या मुलांच्या घरात आलेले खाणे एकाच मुलाला दिले जाईल असे आम्ही गृहीत धरले होते. भाऊ मध्यम तीव्र कुपोषित असल्याची नोंद आमच्याच वहीत होती. आईने जे केले ते कोणतीही आई करील. भावाच्या वाट्याचा आहार वेगळा देणे हे आमचे काम होते.

वजन 5.6 किलो, दंडघेर 10.9 सेंटिमीटर. ताप, खोकला आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता. आता गावात की रुग्णालयात हा प्रश्नच नव्हता.

तिसरा निर्णय : दाखल करणे

प्रश्न होता तो आईला सोडवण्याचा. मुकादमाने पहिल्या दिवशी नकार दिला. तेथील सेविका आणि आशाताई यांनी त्याच्याशी वाद घातला नाही, त्याला खोपीत नेऊन मुलीची छाती उघडी करून दाखवली आणि ती श्वास कसा घेते आहे ते पाहायला सांगितले. गाडीची सोय त्यानेच करून दिली. इकडे पाड्यावर ताईंनी आजीला तयार केले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने भट्टीवर पोहोचवले. थोरली दोन मुले आजीजवळ राहिली, म्हणूनच आई रुग्णालयात टिकली. यापूर्वी दाखल झालेल्या अनेक माता तिसऱ्या-चौथ्या दिवशी निघून गेलेल्या मी पाहिल्या आहेत आणि बहुतेक वेळा कारण घरी राहिलेली भावंडे हेच होते.

पहिले काही दिवस प्रतिजैविके आणि थोड्या थोड्या वेळाने मोजून दिलेले सौम्य दूध, नंतर जास्त उष्मांकांचे दूध आणि मऊ आहार, असा नेहमीचा क्रम चालला. सुरुवातीला भरपूर खायला घालण्याची घाई करायची नसते, कारण अशा मुलाचे शरीर एकदम आलेले अन्न पेलू शकत नाही. आईला हे पटवणे परिचारिकेला सर्वात जड गेले. अठरा दिवसांनी वजन 6.3 किलो झाले. दाखल होतानाच्या वजनात पंधरा टक्के वाढ होईपर्यंत थांबावे असा डॉक्टरांचा आग्रह होता, त्याला थोडे कमी पडत होते. पण वडिलांवरचा दबाव वाढला होता आणि मुलगी दोन दिवसांपासून चांगली खात होती. पंधरवड्याच्या चारही फेरतपासण्या भट्टीजवळच्या अंगणवाडीत होतील हे लेखी ठरवून तिला सोडण्यात आले.

निष्पत्ती

या वेळी दोन्ही अंगणवाड्यांच्या सेविकांकडे एकमेकींचे फोन नंबर होते आणि दर पंधरा दिवसांचे वजन पाड्याच्या वहीतही लिहिले जात होते. भावाचाही आहार सुरू झाला. आजी हंगाम संपेपर्यंत भट्टीवरच राहिली. पहाटे आईवडील कामावर गेल्यावर घोटलेला भात आणि सुकट भरवण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले, आणि माझ्या मते पुढच्या सुधारणेत याचा वाटा सर्वात मोठा आहे. मार्चमध्ये जुलाबांमुळे एकदा वजन घसरले, ते ओआरएस आणि झिंकवर आठवडाभरात सावरले.

मे महिन्यात कुटुंब परतले तेव्हा एकवीस महिन्यांच्या धाकटीचे वजन 7.6 किलो, लांबी 72.5 सेंटिमीटर आणि दंडघेर 12.6 होता. उंचीनुसार वजनाच्या हिशेबात ती कुपोषणाच्या दोन्ही श्रेणींतून बाहेर आली. उंची मात्र वयाच्या मानाने फार मागे आहे. या वयात खुंटलेली उंची पुढे पूर्णपणे भरून येणे कठीण असते. म्हणून या प्रकरणाला यशोगाथा म्हणून सादर करायला मी नकार दिला होता. ती वाचली आणि सावरली, याचा आनंद मोठा आहे. पण ते पाच आठवडे तिच्या वाट्याला यायला नको होते.

काय वेगळे करता आले असते

पहिली संधी जुलैमध्ये होती. सलग दोन वजने सारखी आली त्याच दिवशी चुलीपाशी बसलो असतो, तर घोटलेला भात तीन महिने आधी सुरू झाला असता आणि कदाचित ती सॅम श्रेणीत गेलीच नसती. मोडलेल्या फलकाची तक्रार मी जूनमध्ये वर पाठवली होती आणि तेवढ्यावर थांबले होते. शेजारच्या अंगणवाडीचा फलक एका दिवसासाठी आणणे जूनमध्येही शक्य होते.

दुसरी बाब वेळापत्रकाची. दिवाळी कधी आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. ऑक्टोबरात पाड्यावर उपचार सुरू करताना हातात चारच आठवडे आहेत हे समजून घेतले असते, तर पहिल्या दिवसापासूनच भट्टीकडच्या अंगणवाडीशी बोलणे सुरू झाले असते. भातकापणीत मदत मिळवून आईला आधीच चौदा दिवस रुग्णालयात राहता आले असते का, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. सेविकाताईंच्या मते पाड्यातील बायकांनी तेवढे काम वाटून घेतले असते, फक्त कोणी विचारले नाही. गुंतागुंत नसलेल्या मुलाला रुग्णालयात ठेवून तिथला संसर्ग कशाला लावून घ्यायचा, असे मला वाटते.

तिसरी बाब आजीची. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबात लहान मुलाला भरवणारे मोठे माणूस कोण, हा प्रश्न आहाराच्या पाकिटांआधी विचारायला हवा होता. आजी पहिल्या टेम्पोतच गेली असती तर तिच्या खाण्यापिण्याचा थोडा खर्च वाढला असता, एवढेच.

पुढच्या वर्षी आम्ही गणपती झाल्यावरच पाड्यावरील प्रत्येक घरी जाऊन यादी केली. स्थलांतराच्या रकान्यात आता सहा गोष्टी लिहितो : मुकादमाचे नाव व फोन, भट्टीमालकाचे आडनाव, उतरण्याचा नाका किंवा एसटीचा थांबा, भट्टीजवळची ओळखीची खूण, सोबत कोण मोठे माणूस जाणार आणि मागे राहणाऱ्या एका नातेवाइकाचा फोन. त्या यादीत सहा वर्षांखालील सत्तावीस मुले होती. धाकटीच्या नावापुढे खुणेच्या रकान्यात तिच्या आजीने सांगितलेले लिहिले आहे : पाण्याच्या टाकीमागे, मोठ्या चिंचेखाली.